पन्नासाव्या भागातलं दार

स्टूल कलंडलं, मिस्त्री खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. वय बहात्तर. दुखणं होतंच, पण त्याहून जास्त राग त्यांना स्टुलाचा आला. स्वतः सुतार, पण ते त्यांच्या हातचं नव्हतं. लेकीनं बाजारातून आणलेलं, एक पाय आखूड असलेलं स्टूल. डॉक्टरांनी दोन महिने पलंग सांगितला. लेकीनं त्यांना आपल्या दोन खोल्यांच्या घरात नेलं आणि टीव्हीसमोर पलंग मांडून दिला.

तिसऱ्या दिवशी शेजारीण चौकशीला आली. लेकीनं चहा दिला आणि हौसेनं सांगायला लागली, की बाबांचं एक दार कधीकाळी टीव्हीवर फार गाजलं होतं. तीस वर्षांपूर्वीची ती विनोदी मालिका. भाडेकरू दर भागात घरी येतो, दार अडकतं, धक्के मारून मारून तो आत कोसळतो. खरं म्हणजे मालिकेच्या सेटवर बाबांनी घाईत दार वाकडं बसवलं होतं. पहिल्याच दिवशी ते अडकलं, सगळे पोट धरून हसले, आणि दिग्दर्शक म्हणाला, राहू द्या असंच. शेजारीण तोंडावर हात ठेवून हसली. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं असतं, पण प्लास्टरमुळे कुशीवर वळता येत नव्हतं.

हा किस्सा भाडेकरूचं काम करणाऱ्या नटानं एका मुलाखतीत रंगवून सांगितला होता आणि तोच सगळीकडे खरा ठरला. ज्याला आपलं काम माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही, असं म्हणून मिस्त्री तेव्हा गप्प राहिले. लेक त्या वेळी दहा वर्षांची होती. शाळेतली मुलं तिला चिडवायची. तिनं वडिलांना कधी विचारलं नाही, आणि आपली लेक तरी नटाचं ऐकणार नाही अशा समजुतीत ते राहिले. आज ती समजूतही गेली.

शेजारीण गेल्यावर ते म्हणाले, "ती मालिका मिळते का या टीव्हीवर?"

"मिळते की. जुन्या सगळ्या मालिका आहेत."

"लाव. पहिल्यापासून."

बाबांना करमणूक हवी आहे म्हणून लेक खूश झाली. एकूण बावन्न भाग होते. रोज चार-पाच बघायचे असं ठरलं. थेट पन्नासावा लावता आला असता, पण दार एकोणपन्नास वेळा कसं अडकतं ते लेकीनं आधी डोळ्यांनी बघावं, असा मिस्त्रींचा हट्ट होता. तो त्यांनी कोणाला बोलून दाखवला नाही.

जावई कामावरून आला की हातपाय धुऊन पलंगाच्या कडेला बसायचा आणि विनोद यायच्या आधीच हसायचा. लेक भाजी निवडता निवडता हसायची. मिस्त्री त्या नटाकडे पाहायचेच नाहीत. दार आलं की तोंडातल्या तोंडात मोजायचे, एक, दोन, तीन. तिसऱ्या धक्क्याला दार उघडायचं. दर वेळी तिसऱ्याच. दिग्दर्शकानं मागितलंच तसं होतं. त्यासाठी मिस्त्रींनी तीन दिवस घातले होते. खालच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची घडी दिली होती, कडेला नखाएवढी जाड पट्टी ठोकली होती, आणि चित्रीकरणाच्या आधी दर वेळी स्वतः बोटानं चाचपून पाहिली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी तेवढं एकच दार बिघडवलं, आणि नाव झालं ते त्याचंच. गिऱ्हाइकं विचारायची, उघडेल ना हो? 'अडक्या मिस्त्री' हे नाव पडलं ते पडलंच. एका शाळेच्या चाळीस दारांचं काम ठरत आलं होतं. मुख्याध्यापक हसत हसत म्हणाले, मुलांना वर्गातून बाहेरही पडायचं असतं मिस्त्री, आणि काम दुसऱ्याला गेलं. ते हसणं मिस्त्री विसरले नाहीत.

लेक फोनवर धाकट्या बहिणीला सांगत होती, "बाबा इतके रमलेत, ओठ सारखे हलत असतात."

अकराव्या दिवशी संध्याकाळी पन्नासावा भाग लागला. मिस्त्रींनी उशी मागून घेतली आणि कोपरावर रेलून बसले. शाळेचं काम गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे चित्रीकरण होतं. त्या सकाळी लवकर जाऊन त्यांनी पुठ्ठा काढला होता, पट्टी रंध्यानं साफ उतरवली होती आणि ओळंबा लावून दार सरळ, नव्यानं टांगलं होतं. दुपारी दिग्दर्शकानं त्यांना कामावरून काढून फाटक दाखवलं. तो भाग त्यांनी कधीच पाहिला नव्हता. घरात टीव्ही असून त्या वेळी खोलीबाहेर जाऊन बसले होते.

नट आला. खांदा पुढे करून नेहमीसारखा धावला. दार अलगद उघडलं आणि तो सपशेल तोंडावर आपटला. मग गुडघे चोळत उठला आणि ऐटीत म्हणाला, "घरमालकांनी सुतार बदललेला दिसतोय."

जावयानं मांडीवर थाप मारली. लेकीच्या हातातली भाजी सांडली, इतकी ती हसली.

मिस्त्रींनी तीस वर्षं ज्या एका दारावर भिस्त ठेवली, त्याचंही श्रेय त्या माणसानं न जन्मलेल्या सुताराला देऊन टाकलं होतं.

"मागे घे," ते म्हणाले.

लेकीनं मागे घेतलं. पुन्हा बघताना ती पुन्हा हसली.

"परत घे. आणि आता त्या गाढवाकडे बघू नकोस. दाराकडे बघ."

या वेळी तिनं दाराकडे पाहिलं. माणूस पडला, उठला, बोलला, आणि त्याच्या मागे दार अर्धवट उघडं, जिथे सुटलं तिथेच उभं होतं. पुढे नाही, मागे नाही. लहानपणी वडिलांबरोबर कोणाच्याही घरी गेलं की ते आधी दार अर्धं उघडून सोडून द्यायचे आणि म्हणायचे, चांगलं टांगलेलं दार सोडशील तिथे थांबतं. ते तिला पाठ होतं. तिनं टीव्ही थांबवला.

"म्हणजे तुम्हाला ते दार नीट बसवता येत होतं?"

"येत होतं?" मिस्त्रींचा आवाज चढला. "अगं, एकोणपन्नास वेळा तिसऱ्याच धक्क्याला उघडेल असं बिघडवायला काय अक्कल लागते, विचार त्या नटाला. तू मोजलंस का एकदा तरी? तू माझी लेक ना?"

जावई हळूच उठून पाणी आणायला गेला. लेकीनं एक्कावन्नावा भाग लावला. मिस्त्री नको म्हणाले नाहीत.

नट आला, धावला, धक्का मारला. दार अडकलं, पण त्याबरोबर आख्खी भिंत थरथरली आणि वरचा फोटो वाकडा झाला. दुसऱ्याच धक्क्याला दार उघडून परत मिटलं.

"हे तुमचं नाही," लेक म्हणाली.

अकरा दिवसांत मिस्त्री पहिल्यांदा हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"त्या शेजारणीला बोलाव," ते म्हणाले.

"उद्या बोलावते बाबा. आत्ता तिच्या स्वयंपाकाची वेळ."

"आत्ता. किस्सा सांगताना वेळ पाहिली होतीस?"

हात पुसत लेक शेजारच्या दाराशी गेली. मिस्त्रींनी रिमोट हातात घेतला. पन्नासाव्या भागावर कोणतं बटण मागे नेतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जावयाला हाक मारली.