हेडलाइटच्या आतला मोरपंखी

बैलाची शिंगं बघून एका पोलीस अधिकाऱ्याचं काळीज धडधडायला लागलं, असं कुणी सांगितलं असतं तर मी स्वतः पोट धरून हसलो असतो. पण माझं धडधडलं! निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी तो पोळा डोळ्यांपुढून हलत नाही. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच रस्त्याने ये-जा करतात.

तेव्हा मी अमडापूरच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळा तोंडावर आलेला. दिवेलागणीच्या वेळी खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका अंगणवाडी सेविकेला गाडीने उडवलं आणि गाडी न थांबता पळाली. बाई पायी घरी निघाल्या होत्या. पाय मोडला, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. लांबून बघणाऱ्या एका गुराख्याने एवढंच सांगितलं की गाडी पांढरी होती. भावाने फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला, आम्ही घटनास्थळाचा पंचनामा करून फुटलेल्या हेडलाइटचे तुकडे जप्त केले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाणे अंमलदाराला फोन आला, "टोस्टवाल्याच्या गाडीचा लाइट फुटला आहे. पाहा जरा."

हा टोस्टवाला खामगावचा. भल्या सकाळी बेकरीतून टोस्ट, खारी, नानकटाई भरायची आणि छोट्या पांढऱ्या गाडीतून आमच्या गावागावांत विकायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. लोकांनी त्याला चौकातच अडवून चार ठोसेही लगावले होते. आम्ही पोहोचलो नसतो तर गाडी पेटलीच असती! फिर्यादी भाऊ पुढे होता. "याले आमच्या हवाली करा साहेब," तो ओरडत होता.

चाचाला ठाण्यात आणलं. मी विचारलं, "लाइट कसा फुटला?"

"रोही आडवी आली साहेब, काल दुपारी. नालीच्या बाजूनं एकदम उडी मारली तिनं."

नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात आणि पिकाच्या दिवसांत ती कुणालाही आडवी येते, यात नवल काही नाही. पण आरोपी सांगतो ते तपासायचं असतं. मी मुद्देमालाचे तुकडे टेबलावर मांडले आणि जागच्या जागी उभा राहिलो. पारदर्शक तुकड्यांत तळहाताएवढी प्लास्टिकची एक चौकट होती. हेडलाइटच्या आत, दिव्याभोवती असते ती. मूळची चंदेरी, पण तिच्यावर कुणीतरी मोरपंखी रंग मारला होता! चमचम करणारा, उन्हात धरला की हिरव्याचा निळा होणारा. आणि त्या रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळला होता.

हे प्रकरण मला ठाऊक होतं. माझ्या पुतण्याने पुण्यात हाच उद्योग केला होता. हेडलाइट गरम करायचा म्हणजे काच चिकटवलेला डिंक सुटतो, काच काढून आतली चौकट रंगवायची, पुन्हा चिकटवायची. मोबाइलवर बघून पोरं घरच्या घरी करतात. पुतण्याने त्यासाठी वहिनींची केक करायची भट्टी वापरली होती आणि घरात महाभारत झालं होतं. कारखान्यातल्या रंगात ब्रशचा केस सापडत नाही. हे काम कुणाच्या तरी घरातलंच होतं.

मी धावत बाहेर जाऊन चाचाची गाडी पाहिली. दोन्ही लाइट आतून साधे, चंदेरी. फुटलेल्याची चौकटही जागेवर. हा माणूस निर्दोष होता! मी भावाला बोलावून दाखवलं, तर तो म्हणाला, "यानं दुसरा फुटका लाइट आनून बसवला असंल." आता यावर काय बोलावं! पण बहीण बेशुद्ध पडलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

गुन्हा जामीनपात्र होता. मी चाचाला नोटीस देऊन घरी जायला सांगितलं, तर तो उठेचना.

"घरी जाऊन काय करू साहेब? लोक म्हनतीन, पोलिसाईनं सोडला. या बाईनं अंगणवाडीच्या पोराईले माह्याच हातचे टोस्ट वाटले. आता गावोगाव सांगून राह्यले, याची गाडी शिवेच्या आत घेऊ नका. मले सुटका नको. ज्यानं केलं तो आना."

तो रोज सकाळी येऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसायला लागला. मी आत जाताना तो उभा राहायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आम्ही चिखली, खामगाव पालथं घातलं. गॅरेजवाले, रंगाची दुकानं, जुन्या सामानाचे व्यापारी, सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही माहीत नाही. कसं असणार? माणूस गॅरेजला गेला असता तर चार जणांनी पाहिलं असतं. घरात बसून रंगवलेल्या लाइटचा साक्षीदार कोण? खबरी थकले, हवालदार चिडले. आणि तपास तसाच टाकून पोळ्याच्या बंदोबस्ताला जावं लागलं.

शेजारच्या एका मोठ्या गावात मी स्वतः गेलो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलजोड्यांची रांग, झुली, घुंगरं, बाशिंगं, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, त्यांचा गलका, ढोलांचा दणदणाट! मी तोरणाजवळ उभा होतो. ऊन तिरपं झालं आणि रांगेतल्या एका जोडीच्या शिंगांवर पडलं.

मोरपंखी! हिरव्याचा निळा होणारा!

आजूबाजूला सगळी शिंगं लाल, हिंगुळी, सोनेरी. ही एकच जोडी तशी. जोडीचा मालक साठीच्या पुढचा, नवा फेटा बांधलेला, आनंदाने फुललेला. मी जवळ जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"मामा, रंग लय भारी मारला हो. कुठून आनला?"

"इकत नाही आनला साहेब!" मामा खुशीत म्हणाले. "पोराचा उरला होता. त्यानं गाडीच्या लाइटात मारला. म्या म्हनलं, डब्बीत वाळून जाईन, त्यापरीस माह्या बैलाईच्या शिंगाले लागू दे. दिसते का नाही नवरदेवावानी?"

"दिसते," मी म्हणालो.

कुणाच्या बैलांना सणाच्या दिवशी तोरणाखालून हाकलायचं नसतं. मी पोळा फुटून बैल घरोघर निघेपर्यंत थांबलो. मग ठाण्यातून मुद्देमालाचं पाकीट मागवून, दोन पंच आणि हवालदार घेऊन, बैलांच्या मागोमाग मामांच्या घरी गेलो. पूजेचं ताट तयार होतं. मामांनी बैल अंगणात बांधले. मी विचारलं, "गोठ्यात नाही बांधत?"

"पोरानं गोठ्यात गाडी ठेवली. आठ दिसापासून म्हने बिघडली."

गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड ताडपत्री होती. हवालदाराने ती ओढली. पांढरी गाडी, डावा हेडलाइट फुटलेला. मी पाकिटातला तुकडा काढून मोडलेल्या कडेला लावला. टच्च बसला! पंच ओरडलेच, "अरे बाप!" मीही ओरडलो असेन, सांगता येत नाही.

मुलगा दाराशी उभा होता, विशीतला, पांढराफटक पडलेला. मी विचारलं, "काऊन थांबला नाही बे?"

तो तिथेच बसला. बहिणीच्या केस वाळवायच्या मशीनने त्याने लाइट उघडले होते. पोळ्याला गाडी मिरवायची घाई, म्हणून रंग पुरता वाळू न देताच काच चिकटवली. दिवा तापला की ओल्या रंगाची वाफ काचेवर आतून बसायची. "धुकं आल्यावानी झालं साहेब. रस्ताच दिसेना. काहीतरी लागलं. रोही असंल म्हनलं, अन् पळालो. मंग गावात ऐकलं..."

मग त्याने बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमी काऊन सांगतलं?"

मामांच्या हातातलं ताट खाली आलं. "तवा तुनं मले काऊन नाही सांगतलं?" एवढंच ते म्हणाले. मग मला विचारलं, "साहेब, त्या टोस्टवाल्याले लोकाईनं मारलं म्हनते. खरं काय?"

मी म्हटलं, "मारलं थोडं. जास्त तर गावबंदी केली."

मुलाला अटक केली, गाडी जप्त केली, चाचाचं नाव गुन्ह्यातून काढण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. बाई शुद्धीवर आल्या होत्या, पुढे चालायलाही लागल्या. माझ्या दृष्टीने तपास संपला होता. मी चाचाला मोठ्या उत्साहात सांगितलं, "आता बिनधास्त फिरा!" तो कसंनुसं हसला. "फिरतो साहेब. पन टोस्ट घ्याले गाडी थांबवन कोन?"

तिसऱ्या दिवशी गस्तीवर असताना मला चाचाची गाडी दिसली. शेजारच्या सीटवर मामा बसलेले, तोच फेटा बांधून. गाडी चौकात थांबली. मामा उतरले आणि भर चौकात मोठ्याने म्हणाले, "बाईले माह्या पोरानं उडवलं. या मानसानं नाही. माह्या घराची चूक याच्या डोक्यावर टाकू नका." पुढच्या गल्लीत पुन्हा तेच. गावामागून गाव असे ते फिरले. आपल्याच पोराचा गुन्हा बाप तोंडाने सांगत होता आणि आवाज एकदाही खाली आला नाही.

शेवटी गाडी सेविकेच्या दारात थांबली. मी जीप लांब उभी केली. भाऊ बाहेर आला. मामांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो घरात गेला, रिकामा पितळी डबा घेऊन आला आणि चाचापुढे धरला.

गुन्हेगार पकडणं हे आमचं काम, ते आम्ही केलं. पण निर्दोष माणसाचं नाव धुऊन द्यायला आमचा कागद पुरत नाही, हे मला त्या दारात कळलं. चाचाने डबा टोस्टांनी भरला, झाकण लावलं आणि तो दोन्ही हातांनी परत दिला. भाऊ हळूच म्हणाला, "उद्या येजा, चाचा."