गोडलिंबाचा पाला आणि दादाचे डोळे

नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका मोठ्या कंपनीच्या कँटीनचं स्वयंपाकघर मी बरीच वर्षं सांभाळते आहे. चव घेणं हे माझं कामच. सकाळचे पोहे, दुपारचं वरण, भाज्या, सणावाराला बासुंदी किंवा श्रीखंड, सगळ्याचा पहिला चमचा माझ्या तोंडात जातो. त्यामुळे कंपनीच्या तपासणीत माझ्या रक्तात साखर जास्त निघाली तेव्हा सोबतच्या बाया हसल्या. "मॅडम, आता बासुंदी कोण चाखून पाहील?" असं एकीनं विचारलं. मीही हसले. प्रतापनगरला घरी पोचेपर्यंत मात्र ते हसू टिकलं नाही. आमच्या आईला शुगर होती. शेवटी तिच्या किडन्यांनी काम करणं सोडलं आणि ती गेली. घरचा दरवाजा उघडताना मला तिचे सुजलेले पाय आठवत होते.

मी गोळ्या सुरू केल्या, सकाळी चालायला जाऊ लागले, भात कमी केला. यजमान गेल्यापासून घरात मी एकटीच असते, त्यामुळे पथ्य पाळायला कुणाची आडकाठी नव्हती. भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला आणि दोन दिवसांनी दारात उभा राहिला.

दादा माझ्यापेक्षा मोठा. कळमेश्वरच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे तो संत्र्याची बाग आणि थोडी शेती करतो. हातात तेलाचा रिकामा डबा, डब्यात माती आणि मातीत गोडलिंबाचं रोप. नागपूरबाहेरचे लोक ज्याला कढीपत्ता म्हणतात तोच आमचा गोडलिंब. गावच्या झाडाच्या मुळातून फुटलेलं ते रोप त्यानं बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. पाणीही न पिता तो मागच्या अंगणात गेला, खड्डा केला आणि रोप लावून मोकळा झाला.

"याचा पाला खात जा सकाळी," हात धुता धुता तो म्हणाला. "शुगर खाली राहते. मी पण खातो."

"तू काहून खातो?"

"मले पण आहे ना शुगर." सर्दी झाली आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

मी चहा ठेवत होते, तशीच थांबले. "कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन वर्षं. डॉक्टरनं गोळ्या देल्या होत्या, सोडल्या मी. सकाळी उठलो का मूठभर पाला चावून खातो. अंग कसं हलकं राहते."

"मग तपासलं का पुन्हा?"

"तपासून काय करतं? बरं वाटून राहिलं ना मले."

माझ्याकडे साखर मोजायचं यंत्र होतं. बोट पुढे कर म्हटलं तर त्यानं हात मागे घेतला आणि विषय बदलला. दादाशी वाद घालून काही होत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे मी पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांना पाल्याबद्दल विचारलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. "पाला चांगला असतो. थोडाफार उपयोग होतही असेल," त्या म्हणाल्या. "पण गोळीच्या जागी तो चालत नाही. तुमच्या भावाची साखर आज किती आहे हे पाला सांगणार नाही, ते मोजूनच कळेल. घेऊन या त्यांना."

मी फोनवर हे सगळं दादाला सांगितलं. "येतो ना," तो म्हणाला. "संत्रं निघू दे एकदा."

तोवर मी स्वतः पाला खाऊ लागले होते. सकाळी दोन-चार पानं चावायची. आधी कडवट, तुरट लागतं, मग त्याचा वास नाकात भरतो. कँटीनमध्ये रोज फोडणीत टोपलीभर गोडलिंब जातो, आणि जेवून झालेल्या ताटांकडे पाहिलं की सगळ्यांनी पानं वेचून कडेला ठेवलेली असतात. इतकी वर्षं मी ते पाहत होते आणि कधी काही वाटलं नव्हतं. आता त्या पानांकडे पाहिलं की दादा आठवायचा. तो निवडून जे खातो ते हे लोक निवडून टाकतात. आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी कोणाचंच बरोबर आहे असं मला वाटत नव्हतं.

भाऊबीजेला तो आला. ओवाळलं, जेवलो. पाणी पिताना त्याचा हात पेल्याच्या बाजूनं गेला आणि पेला कलंडला. "नजर दुसरीकडे होती," तो म्हणाला. मला ते खटकलं, पण सणाचा दिवस म्हणून सोडून दिलं.

नंतर काही दिवसांनी वहिनीचा फोन आला. ती एरवी सावकाश बोलणारी, त्या दिवशी घाईघाईनं बोलत होती.

"ताई, तुमच्या भावाले नीट दिसून नाही राहिलं. आज संत्र्याचा तोडा होता. कोणतं झाड उतरवाचं ते हेच सांगतात, तुम्हाले माहीत आहे. आज यायनं हिरवी झाडं दाखवली. मजुरायनं उतरवला माल. व्यापारी म्हणे, भाऊ, हा तर कच्चा आहे. तवापासून हे गोठ्यात जाऊन बसले आहे. जेवले पण नाही."

दादाची ओळखच ती होती. बांधावर उभं राहून, संत्र्याच्या रंगावरून, हे झाड आज, ते झाड आठ दिवसांनी, असं तो सांगायचा आणि ते चुकत नसे. शेजारचे लोक त्याला आपली बाग दाखवायला घेऊन जात.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला बसमध्ये बसवलं आणि मी त्याला स्टँडवरून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, अशी त्याची समजूत होती. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "शुगर किती असते तुमची?" दादाला आकडा माहीत नव्हता. मग रक्त तपासलं. आकडा तीनशेच्या बराच वर होता. डोळ्यांच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपत होत्या, पडद्याला सूज होती. डाव्या डोळ्याला जास्त. इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि आधी साखर आटोक्यात आणावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

बाहेर बाकावर तो बसला. उजेड सहन होत नव्हता म्हणून खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर धरला होता. रागानं बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. येतानाच मी ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"पाला तर मी एक दिवस चुकवला नाही वं," दुपट्ट्याआडून तो म्हणाला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. मी त्याचा हात धरून त्याला रिक्षाकडे नेलं.

घरी आल्यावर पडदे ओढून घेतले, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तो जेवला. ताट उचलायला मी वाकले तेव्हा म्हणाला, "बस थोडी."

मी बसले.

"आईले शुगरचं इंजेक्शन मीच देत होतो, तुले माहीत आहे."

"हो."

"एक दिवस तुझी वहिनी माहेरी गेली होती. सकाळी आईले इंजेक्शन देलं अन् म्हटलं, भाकर खाऊन घे. मी मोटर चालू कराले वावरात गेलो. पण तिनं खाल्लीच नाही. विसरली, का मन नव्हतं, काय माहीत. वापस आलो तं ओसरीत पडून होती. घामानं ओली. मले ओळखून नव्हती राहिली. मी साखर बोटानं तोंडात चोळली तिच्या. लय वेळानं डोळे उघडले."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तेव्हा नागपुरात संसारात होते.

"तू सांगितलं काहून नाही दादा?"

"तिनंच नाही सांगू देलं. म्हणे पोरीले सांगू नको, उगाच घोर लावून घेईन." त्यानं दुपट्टा घडी करून मांडीवर ठेवला. "त्याच्यानंतर लय वर्षं जगली आई. मी इंजेक्शन देतच होतो. पण तिनं भाकर खाल्ल्याशिवाय जागचा हालत नव्हतो. मग मले गोळ्या देल्या त डबी उघडली का ओसरीत पडलेली आईच दिसे. पाल्यानं कोणाले काही होत नाही ना."

त्याचा तो हेकटपणा आहे असंच मी इतके दिवस धरून चालले होते. अडाणीपणा म्हणायलाही मी कमी केलं नव्हतं, मनातल्या मनात. पण पाल्यात फार मोठा गुण आहे म्हणून तो पाला खात नव्हता. त्यानं कोणाला इजा होत नाही, हाच त्याच्या लेखी त्याचा मोठा गुण होता. आईच्या आजाराची इतकी वर्षं आम्हा भावंडांतला तो एकटाच त्या घरात होता आणि औषधाची भीती त्यानं तिथेच, एकट्यानं धरली होती. मी त्या वर्षांत आईला भेटायला जायची ती फळं घेऊन.

"उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊ," मी म्हटलं. "हे त्यांना सांगशील?"

"तू सांग."

"मी नाही. तूच सांग."

त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं. डॉक्टरबाईंनी मध्ये कुठे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "इंजेक्शन घेतलं आणि पोट रिकामं राहिलं, म्हणून साखर एकदम खाली गेली. त्यात तुमची चूक नव्हती. तुम्ही साखर दिली म्हणून त्या वाचल्या. त्या वेळी करायचं ते तुम्ही बरोबर केलं."

हे वाक्य दादाला इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

"आता तुमचं बघू," त्या पुढे म्हणाल्या. "गोळी जेवणासोबत घ्यायची. जेवण चुकवायचं नाही. घाम आला, हात थरथरले, तर लगेच साखरेचं पाणी प्यायचं आणि मोजून बघायचं. पाला जेवणात राहू द्या, मला काही हरकत नाही. पण मूठभर पाला, वरून मेथीचं पाणी, वरून कारल्याचा रस, असं मनानं सुरू करू नका. जे खाल ते मला सांगा."

त्या दिवशी दुपारी त्यानं गोळी घेतली. आधी अर्धी भाकरी खाल्ली, मग गोळी, मग उरलेली भाकरी. आणि मग काहीतरी होईल म्हणून वाट पाहत बसला. मीही समोर बसून राहिले. आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोललो, वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोललो. बराच वेळ गेला. काहीच झालं नाही. "झोपतो मग," तो म्हणाला आणि आत जाऊन झोपला.

डोळ्यांची इंजेक्शनं होईपर्यंत तो माझ्याकडेच राहिला. बोट टोचून घ्यायला शिकला. यंत्रावरचा आकडा मी वाचून दाखवायची, पुढे तो स्वतः वाचू लागला. मूठभर पाला चावून खाणं त्यानं सोडलं. त्याच्याऐवजी आम्ही चटणी करू लागलो. गोडलिंबाची पानं सावलीत कापडावर वाळवायची, मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, जवस वेगळा भाजायचा, मग लसूण, सुकी मिरची आणि मीठ घालून भरड कुटायचं. पानं किती भाजायची ते तो वासावरून सांगायचा. "आता काढ. अजून ठेवली त कडू होईन." ज्वारीच्या भाकरीवर ती चटणी आणि चमचाभर कच्चं तेल, की भाजी थोडी असली तरी चालायचं. कँटीनमध्येही मी ती सुरू केली. पानं दिसत नाहीत म्हणून आता कोणी वेचून टाकत नाही.

त्याचा उजवा डोळा बराच सुधारला. डाव्यात मधोमध धुकं आहे ते राहिलं, आणि ते जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे ऐकल्यावर तो दोन दिवस राहिला. मग गावी गेला. आता कोणतं झाड उतरवायचं ते वहिनी रंग पाहून सांगते, आणि दादा झाडाखाली जाऊन एखादं संत्रं अंगठ्यानं दाबून पाहतो. दोघांचं जुळलं तरच तोडा होतो. कधी जुळत नाही, मग तासभर वाद चालतो, असं वहिनी सांगते.

माझी साखरही खाली आली आहे. चालण्यानं, गोळीनं, भात कमी केल्यानं, की चटणीमुळे रोज भाकरी खावीशी वाटते त्यानं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रिपोर्टवर आकडा येतो, कारण येत नाही. चाललंय ते चालू द्या."

गेल्या महिन्यात दादा तपासणीला आला होता. आकडा बरा होता, फार चांगला नव्हे. डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांनी यायला सांगितलं. दारापर्यंत गेलेला दादा मागे वळला.

"पुढच्या वेळेस उपाशी यायचं का जेवून?"

"एकदा उपाशी आणि एकदा जेवून. दोन्ही वेळा रक्त घेऊ."

"मग डबा सोबतच आणतो," तो म्हणाला. "मधात उपाशी राहाले नको."

आम्ही घरी चालत आलो. वाटेत त्यानं वहिनीला फोन लावून आकडा सांगितला. तिनं काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हो, आता जातो अन् जेवतो."