नानांनी माझं भाषण ऐकलं

मी प्रेरणादायी लेखक आहे आणि माझा स्वभाव लहानपणापासून उदास आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला कधी वाटलं नाही. सकाळी जाग आली की माझ्या मनात पहिला विचार येतो, 'कशाला उठायचं?' मग चहा घेतो, अंघोळ करतो, इस्त्रीचा सदरा घालतो आणि धुळ्या-जळगावकडच्या एखाद्या शाळेत जाऊन मुलांना 'उठा, दिवस तुमचा आहे!' असं ओरडून सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. मुख्याध्यापक शाल देतात. घरी येऊन मी ती शाल डोक्यावरून घेऊन पडून राहतो.

बायको म्हणते, "बाहेर लोकांना उठवत फिरता, जरा घरातला कचरा तरी उठवा!" तिचं मी मनावर घेत नाही. मनावर घ्यायचो ते नानांचं.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेमागे बसून त्यांनी जन्मभर माइकवर गाड्या पुकारल्या. "नंदुरबारकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," एवढं एक वाक्य ते बोलायचे आणि बाया-बापडे गाठोडी उचलून, पोरं काखेला मारून धावत सुटायचे! त्यामुळे चांगलं भाषण कशाला म्हणतात याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. मी पतपेढीतली कायमची नोकरी सोडली, पुस्तक लिहिलं आणि व्याख्यानं द्यायला लागलो, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू बोलना म्हंजे लोके उठतस का?"

"उठतात ना नाना. शेवटी सगळे उठतात."

"शेवटले त बठ्ठाच उठतस. घर जावाले!"

त्यानंतर हा विषय घरात बंद झाला. कॉलेजात पोरं माझ्यासोबत फोटो काढायला यायची, आणि घरी नाना पाहुण्यांना सांगायचे, "पोऱ्या पतपेढीमा व्हता. आते... आते घरच राहस." मला फार वाईट वाटायचं. बाप आहे, एकदा तरी समोर बसावं आणि 'बरं बोलस' म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण मागून मिळालेल्या कौतुकाला काय अर्थ, म्हणून मी तोंडातून काढलं नाही आणि आतल्या आत कुढत बसलो. (कुढणं मला चांगलं जमतं.)

मग सुकदेव आबा वारले.

सुकदेव आबा नानांचे आत्येभाऊ. पिकलं पान होतं, झोपेतच गेले. त्यांची गंधमुक्ती, म्हणजे आमच्याकडचा दुखवटा संपवण्याचा दिवस, नेमकी माझ्या व्याख्यानाच्या तारखेलाच आली. व्याख्यान एरंडोलच्या पुढच्या एका कॉलेजात आणि आबांचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. आता आमच्याकडची रीत अशी की दुःखाच्या घरी निघालेल्या माणसाने वाटेत पाहुणचार घ्यायचा नाही, हारतुरे तर नाहीच नाही. आणि तिथून निघाल्यावर थेट घर गाठायचं, मध्ये कुठे पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे आधी गेलो तरी पंचाईत आणि नंतर गेलो तरी पंचाईत!

मी गुपचूप ठरवलं, सकाळी कॉलेज उरकायचं आणि दुपारी गंधमुक्तीला जायचं. नानांना भीत भीत सांगितलं. रीत मोडतो म्हणून शिव्या देतील असं वाटलं होतं. पण नाना म्हणाले, "चाल. मी बी बठसू तठे. आयकसू तरी, तू काय बोलस ते."

त्या दिवशी मी आठवणीत राहावं इतका आनंदी होतो. बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पण चारचाकी गाडीत मागची सीट रिकामी जाणार आहे ही बातमी आमच्या नात्यात लपत नाही. निघायच्या दिवशी नानांच्या दोन्ही बहिणी, मोठी आत्या आणि धाकटी आत्या, दाराशी हजर! हातात दुखवट्याच्या टॉवेल-टोपीची पिशवी. त्यांना कॉलेजचं सांगितलं असतं तर दोघींनी मला तिथेच उभा सोलला असता. म्हणून मी काहीच बोललो नाही. नानांनाही डोळ्यांनी खुणावलं. वाटेत जरासं काम उरकतो, आत्या गाडीतच बसून राहतील, असा माझा हिशोब. (मी पतपेढीतून बाहेर पडलो ते एकंदरीत पतपेढीच्या दृष्टीने बरं झालं.)

इथे मोठ्या आत्याबद्दल सांगायला हवं. मयताच्या दारी रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिचं म्हणणं, गाडी मांडवाशी लागण्याच्या आत रडणं सुरू झालं पाहिजे. खाली उतरून, पदर सारखा करून, मग रडलं तर त्यात माया दिसत नाही आणि गावात वर्षभर नावं ठेवतात. त्यामुळे पारोळा सोडल्यापासून ती दर थोड्या वेळाने विचारत होती, "उनं का रे गाव?"

"नाही आलं आत्या."

"मन्हा दम नीट ऱ्हावाले पाहिजे रे. आधी सांगजो."

मी मनातल्या मनात भाषण म्हणत होतो. नाना ऐकणार म्हणून चांगली चांगली वाक्यं निवडून काढली होती. कॉलेजच्या फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा मी 'यशाचं शिखर' या वाक्यापाशी होतो आणि आत्याने विचारलं, "उनं का?"

"उनं," मी म्हणालो.

समोर मोठा पांढरा मांडव होता. पांढऱ्या गणवेशातली पोरं ओळीने खाली बसलेली. प्राचार्यांनी सकाळपासून दम दिल्यामुळे सगळीकडे स्मशानशांतता! आणि मांडवाच्या तोंडाशी, टेबलावर, संस्थेच्या संस्थापकांचा मोठा फोटो. पांढरा फेटा, झुपकेदार मिशा, फोटोला झेंडूचा हार, पुढे समई आणि उदबत्ती. मोठ्या आत्याला दूरचं तसंही कमी दिसतं.

"ओ मन्हा भाऊ रेऽऽ! आम्हले सोडीसन कोठे गया रेऽऽ!"

गाडी थांबायच्या आत दार उघडून मोठी आत्या बाहेर! तिच्यामागे धाकटी! मी हॅन्डब्रेक ओढेपर्यंत दोघी फोटोपाशी पोहोचल्या होत्या. मोठ्या आत्याने टेबलाला मिठी मारली. समई हलली. स्वागताला गुलाबाचं फूल घेऊन उभी असलेली मुलगी फूल टाकून पळाली.

"आत्या! आत्या, हे ते नाही!" मी ओरडलो. पण हंबरड्यापुढे माझा आवाज कुठला ऐकू जातो!

तेवढ्याने भागलं असतं. पण कॉलेजला लागून गावातली घरं आहेत, आणि कोणी बाई रडताना पाहून घरात बसून राहणं आमच्या बायांना जमत नाही. तिला कोणीतरी गळ्यात घ्यावंच लागतं. बघता बघता कुंपणाच्या फटीतून चार बाया आल्या आणि आत्याच्या गळ्यात पडल्या. त्यांचं पाहून पुढच्या ओळीतल्या मुलींना हुंदके फुटले. मी एका बाईला हात जोडून विचारलं, "मावशी, तुम्ही कशाला रडताय?"

"काय माहीत भो! कोण गयं?"

"कोणीच नाही गेलं!"

"मंग या एवढ्या का बरं रडी राह्यन्यात?" असं म्हणून ती पुन्हा रडायला लागली.

शेवटी नाना हळूहळू चालत आले. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "अक्का, हाऊ सुकदेव नही शे. सुकदेवले मिशा नही व्हत्यात."

आत्या थांबली. फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

प्राचार्य भला माणूस. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नात्यात मयत आहे, इथून तिकडेच जायचंय, आत्यांचा गैरसमज झाला. त्यांचे डोळे भरून आले. ते तडक माइकपाशी गेले.

"विद्यार्थी मित्रांनो! आजचे आपले पाहुणे, त्यांच्या घरात दुःखाचा डोंगर कोसळलेला असतानाही, दिलेला शब्द पाळण्यासाठी इथे आले. याहून मोठी प्रेरणा काय असू शकते? अशा प्रसंगी त्यांना बोलायला लावणं हे माणुसकीला धरून होणार नाही. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू आणि कार्यक्रम इथेच संपवू!"

"अहो सर, मी बोलतो ना! मला चालेल!" मी म्हणालो.

"नाही सर. तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो," असं म्हणून त्यांनी माझा खांदा दाबला.

मुलांना शनिवारची सुट्टी लवकर मिळाली. माझ्या कोणत्याही व्याख्यानानंतर झाले नव्हते इतके त्यांचे चेहरे उजळले. प्राचार्यांनी शाल आणली, पण दुःखात असलेल्याच्या खांद्यावर ती कशी घालावी म्हणून घडी करून परत नेली. पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसलेल्या नानांनी मला विचारलं, "व्हई गयं? तू इतलंच बोलस?"

खरं सांगतो, मला रडू आलं. आणि त्या गर्दीत ते कोणाला वेगळं दिसलंही नाही.

गंधमुक्तीच्या मांडवात आम्ही पोहोचलो तेव्हा आत्यांकडे रडायला काही शिल्लक नव्हतं. त्या रागाने माझ्याकडे पाठ करून बसल्या. आमच्याकडे या दिवशी माइक असतो आणि गावातलेच एखादे निवृत्त गुरुजी एकेकाला श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला बोलावतात. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले. आणि गुरुजींची नजर माझ्यावर पडली.

"आपल्यात एक प्रेरणादायी लेखक उपस्थित आहेत. त्यांनी आबांबद्दल दोन शब्द बोलावेत."

नानांनी खुर्ची पुढे सरकवली. कानामागे हात धरला. मला कळलं, बोलायचं ते आत्ताच.

"सुकदेव आबा गेले," मी म्हणालो. इथवर उत्तम झालं. मी इथेच बसायला हवं होतं. पण अख्खं व्याख्यान सकाळपासून पोटात तुंबलेलं, हातात माइक आणि समोर नाना! माझ्या तोंडाला नुसती सवय आहे. नाव कोणाचंही घेतलं तरी पुढची वाक्यं आपोआप येतात.

"पण मित्रांनो, आबा एका रात्रीत तिथे पोहोचले नाहीत! त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती!"

मांडवात चुळबुळ झाली. मला वाटलं, लोक भारावले.

"आबांना जे जमलं, ते तुम्हाला का जमणार नाही? वय आड येत नाही! पैसा आड येत नाही! फक्त मनापासून इच्छा हवी!"

पुढच्या ओळीतले काठीवाले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मला दिसत होतं आपण काय बोलतोय ते, पण उतारावर ब्रेक लागेना!

"आज, याच मांडवात, असे कितीतरी आबा बसले आहेत! सांगा, ज्यांना आबांच्या वाटेने जायचंय त्यांनी हात वर करा!"

एका म्हाताऱ्याने पाणी मागायला हात वर केला होता. त्याच्या सुनेने तो झडप घालून खाली ओढला. मग अख्खी पहिली ओळ उठली, काठ्या टेकत मागे गेली आणि पार शेवटच्या ओळीत जाऊन बसली. गुरुजींनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. आतल्या बाजूला बायांमध्ये सुकदेव आबांची बायको, जिजी, पदर तोंडाला लावून गदगदत होती. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिची मुलगी मला म्हणाली, "दादा, वाईट वाटी नको लेवा. आबा गयात तवयपासून माय आज पहिलांदा हासनी."

परतताना गाडीत आत्या झोपल्या होत्या, किंवा माझं तोंड बघायला नको म्हणून डोळे मिटून बसल्या होत्या. पारोळ्याच्या पुढे नानांनी घसा साफ केला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार!

"रमेश."

"हां नाना."

"मी मरी गऊ म्हंजे तू बोलशी का?"

"नाना, काहीतरीच काय बोलता!"

"बोलशी का नही, ते सांग."

"मुलगा आहे मी. गुरुजी माइक देणारच. बोलावंच लागेल."

"हां," नाना म्हणाले आणि धुळं येईपर्यंत काचेतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुडबुड ऐकून मी उठलो, तर नाना बूट घालून फिरायला निघालेले! बीपीची गोळी ते पूर्वी आठवण करून दिली तरी थुंकून टाकायचे, आता घड्याळ लावून घेतात. तंबाखूची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने गटारीत फेकली. डॉक्टर परवा मला विचारत होते, "या वयात एवढी उमेद आली कुठून?" मी काय सांगणार! इतक्या शाळा-कॉलेजांतून घसा फोडला, पण माझं भाषण ऐकून जगण्याची जिद्द वाढलेला आजवरचा एकच माणूस, आणि तोही मला पुन्हा बोलू न देण्यासाठी जगतोय!