थोडी थंडी होऊ दे

सोमवार, मे महिना.
वर्षभर इथे काही लिहिलं नाही. तुमचे मेसेज वाचले, उत्तरं दिली नाहीत. माफ करा.

सुधाकरला गाडीनं मारलं नाही.

आज हे लिहायलाच हवं, कारण मागच्या वर्षी इथेच मी उलटं लिहिलं होतं. मुलचेऱ्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, गरम गाडीला किक मारता मारता माझा नवरा कोसळला. "त्या खटाऱ्यानं जीव घेतला" असं मी लिहिलं. खाली तुम्हीही तेच लिहिलंत.

सुधाकर लाइनमन होते. तार तुटली की कॅरिअरला दोर बांधून कोणत्याही गावाला निघायचे.
सेल्फची गाडी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "जंगलात बॅटरी उतरली तं सेल्फ काय कामाचा?"

गरम गाडी सुरू करायची त्यांची रीत होती. मलाही शिकवली होती.
चोकला हात लावायचा नाही. एक्सलेटर पूर्ण पिळून आधी सावकाश दोन-तीन किका, म्हणजे आत साचलेलं पेट्रोल निघून जातं. मग एक्सलेटर सोडून एकच जोरात.
"गरम गाडीसंग भांडाचं नाई," म्हणायचे.

शेवटच्या काही महिन्यांत ही रीत बंद झाली.
वाटेत फोन आला, गाडी बंद केली, की ते सरळ पुलाच्या कठड्यावर जाऊन बसायचे.
"थोडी थंडी होऊ दे."

मी उतरून उभी. शाळेत पहिला तास माझाच, आणि उशीर.
"तुमची गाडी थंडी होईपर्यंत मी पायी पोचते."
"जा ना. वाटेत वाघ भेटला तं माहा नमस्कार सांग."

शर्ट घामानं ओला असायचा. मे महिन्यात कोणाचा नसतो?

ते गेल्यावर गाडी माझ्या धाकट्या दिरांनी नेली. ते राहतात आमच्याच गावात, पण सवारी जीप चालवतात अहेरीला; तिथल्या स्टँडवर जायला त्यांना गाडी हवीच होती.
महिन्याभरानं अहेरीहून न थांबता आले, अंगणात गाडी बंद केली. मी पाणी दिलं. पिऊन लगेच निघाले.
अर्धी किक. गाडी सुरू.

"वहिनी, हे तं तापली असली तरी एका किकमध्ये सुरू होते. दादा काऊन म्हणे मंग, होत नाई म्हणून?"

मी रिकामा गिलास धरून उभी होते.

थंड व्हायला वेळ लागत होता तो गाडीला नाही.

त्यांना माहीत होतं का? मी खात्रीनं सांगू शकत नाही. कदाचित त्यांनाही खरंच गाडीच वाटत असेल.
पण एकदा म्हणाले होते, "छातीचं काही निघालं तं खांबावर चढू देत नाई. रजिस्टर लिहाले बसवते. खांबावर नाई चढलो तं मी कायचा लाइनमन?"
तेव्हा ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. निदान मला तसं वाटलं.

छातीचं लवकर कळलं असतं तर ते वाचले असते का, हेही मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ठाम काही सांगितलं नाही. म्हणून मीही सांगत नाही.

एवढंच लिहून थांबणार होते. पण आज सकाळी वर्षश्राद्धाच्या गडबडीत दीर आले. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. झाडाखाली गाडी लावली, मान पुसली आणि ओट्यावर बसले.

"पत्रावळी आणाच्या राह्यल्या ना, भाऊजी?"
"जातो ना. गाडी गरम हाय, थोडी थंडी होऊ द्या."

मी गाडीजवळ गेले. इंजिनावर तळहात ठेवला. ठेवून राहिले.
उन्हातल्या बादलीएवढंही ते गरम नव्हतं.

भाऊजी माझ्या हाताकडे बघत होते.

"छातीत कधीपासून होऊन राह्यलं?"
भाऊजींनी पुन्हा मान पुसली.
"दिवाळीपासून. किक मारली का होते. चढाव चढलो तरी होते."
"डॉक्टर?"
"त्यानं लिहून देलं तं जीप जाईन माह्या हातची."
"आणि जीपमध्ये माणसं बसतात त्यांचं काय?"
"म्हणून तं हळू चालवतो."

स्वतःच हसले. मी हसले नाही.

"उद्या चंद्रपूरला जाऊ."
"उद्या भाडं हाय. बुधवारी जाऊ."
"जीपची किल्ली द्या."
"सकाळी देतो ना, वहिनी."
"आत्ता."

खिशात हात घालून बसून राहिले. आत बायका भात काढत होत्या. शेवटी त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. मी उचलली.

हे सगळं लिहू का, असं त्यांना विचारलं. माणसाचं दुखणं चारचौघांत मांडायचा हक्क मला आहे का, हे अजून कळत नाही.
म्हणाले, "लिहा. माहं नाव नका टाकू. अन् दादाचा फोटो चांगला टाका, तो लग्नातला नको. त्यात तो चोरावानी दिसते."

म्हणून हा दुसरा फोटो. खांबावरचा. कोणी काढला माहीत नाही, पण हसताहेत.

सुधाकर, वर्ष झालं. तुम्हाला नमस्कार.

उद्याचं काम: भाऊजींना पहिल्या बसनं चंद्रपूरला हृदयाच्या डॉक्टरकडे नेणे.