तारेचं टोक

आज सकाळी मोटारसायकल पुसताना ती तार पुन्हा अंगठ्याला टोचली. इंजिनाच्या पोटाखाली ऑइल सोडायचा बोल्ट असतो, त्याच्या डोक्यातून ओवून, पीळ देऊन, शेजारच्या दांडीला ताणून बांधलेली बारीक पोलादी तार. तिचं टोक आत वळवलेलं असलं तरी फडकं फिरवताना ते हटकून अंगठा शोधतं. मोहरीएवढा रक्ताचा थेंब तो काय, पण माझा अख्खा दिवस नासतो. मी मुळातच संतापी बाई. पण हा संताप कुणावरचा, ते तुम्हाला म्हणून सांगते.

आधी ट्रॅकविषयी सांगायला हवं, कारण आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही सगळ्यांना वाटतं की मी शर्यती लावते. शर्यत नव्हे हो! दादरला गणित शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली मी. वर्षातून एकदा-दोनदा घाटापलीकडच्या ट्रॅकवर जाते, आरसे उतरवते, दिव्यावर चिकटपट्टी लावते आणि एरवी जिच्यावरून मासळी आणते तीच गाडी मनसोक्त पळवते. परळ ते दादर गाडी हाकणं म्हणजे सतत कुणाची तरी क्षमा मागत पुढे सरकणं. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, खड्डा नसतो, बस आडवी होत नाही. वळण आलं की गाडी कलती करायची, गुडघा जमिनीलगत न्यायचा आणि जिथून बाहेर पडायचं त्या जागेवर नजर लावायची. आणि काय नवल, गाडी नजरेमागून जाते! मात्र आत सोडण्याआधी गाडी तपासतात, आणि त्या बोल्टला तार बांधलेली लागतेच. बोल्ट निखळून ऑइल सांडलं तर मागचे चार जण घसरून पडतील. नियम रास्त आहे. नियमावर माझा राग नाही.

माझ्या गाडीची तार बांधतात माझे वडील, आबा. आबा गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. आजोबांच्या काळी विणकामाच्या साचाखात्यात पगार बरा मिळे, पण तिथे आमच्या माणसांना शिरकाव नव्हता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? आम्ही कातलेल्या सुताचं कापड अंगाला लागलेलं मात्र सगळ्यांना चालायचं! म्हणून आजोबा त्रासनात, आणि त्यांच्यामागून आबाही. आबांचं काम तुटलेला धागा जोडायचं. सूत गुंडाळणाऱ्या चात्या भिरभिरत असताना दोन टोकं चिमटीत धरायची आणि असा पीळ द्यायचा की जोड डोळ्यांना दिसू नये, बोटाला लागू नये. टोक वर राहिलं की सूत खराब, वर मुकादमाच्या शिव्या. ‘जोड दिसला की पकडला गेलास’ हे त्यांचं वाक्य ऐकत मी वाढले.

संप झाला तेव्हा मी तिसरीत होते. संप संपला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. आबा रोज गेटपर्यंत जाऊन परत यायचे. एक दिवस परतले ते पान्यांची पिशवी घेऊन, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच गिरणीच्या भिंतीला टेकून फुटपाथवर मोटारसायकली दुरुस्त करू लागले. त्या गाड्यांनी मला एमएस्सीपर्यंत शिकवलं.

आता त्या भिंतीआड मॉल आहे. चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय, आणि एका हॉटेलाच्या दारात सूतकताईचं एक यंत्र पॉलिश करून, भोवती मखमली दोर बांधून उभं केलंय. मी आबांना ते दाखवायला नेलं. त्यांनी सवयीने हात पुढे केला, चातीवर नुसतं बोट टेकवलं, तोच रखवालदार धावत आला, “ओ काका, हात नाय लावायचा.” काय भडकले मी! “अरे, याच हातांनी चालवलीत ही यंत्रं! वडील आहेत हे माझे! बोलाव तुझ्या मालकाला!” जेवणारे काटे-चमचे खाली ठेवून बघत राहिले. आबा माझी बाही ओढत होते, “चल बाय, पोटासाठी उभा आहे तो.” मी कुठली ऐकते! पुढे कित्येक दिवस हा प्रसंग मी चवीने सांगत होते.

आणि ट्रॅकवर? गेल्या वेळी आबा सोबत आले होते. पोरगी पडली तर, ही धास्ती. शिवाय तार त्यांच्या हातची. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आजूबाजूला परदेशी गाड्या, चामड्याचे पोशाख, ज्याचा त्याचा तंबू, ज्याचा त्याचा मेकॅनिक. पंचविशीतला एक तपासनीस विजेरी घेऊन माझ्या गाडीखाली वाकला. “हे काय? टेल कुठंय? टोक इतकं मुळापासून कापतात का? पीळ उलगडेल की. कुणी बांधलंय हे अडाण्यासारखं?” आबांनी तारेचं टोक पार मुळाशी छाटलं होतं. गिरणी जाऊन चाळीस वर्षं उलटली, तरी ती बोटं अजून जोड लपवत होती! मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मला आत जायचं होतं, त्या लोकांतली एक व्हायचं होतं. आणि मॉलमध्ये गरजलेली मी म्हणाले, “आमच्या गल्लीतला एक मेकॅनिक आहे, त्याने.”

आबा माझ्या मागे दोन हातांवर उभे होते. ते पुढे आले. “तो मेकॅनिक मीच, साहेब. टोक ठेवायचं होय? ठेवतो ना.” इस्त्रीच्या शर्टासकट ते जमिनीवर बसले, नवी तार ओवली, ताणली, पिळली, टोक राखून आत वळवलं. तपासनीसाने चाचपून पाहिलं आणि “एक नंबर, काका!” म्हणत गाडीवर पासची चिठ्ठी डकवली. आबांनी गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “झालं, मॅडम.”

मॅडम! मग दिवसभर मॅडमच. “मॅडम, हेल्मेटचा पट्टा.” “मॅडम, पाणी घ्या.” माझं खोटं माझ्यापेक्षा त्यांनी जास्त निष्ठेने सांभाळलं. त्या दिवशी एकही वळण मला साधलं नाही. नजर वळणाच्या टोकाकडे लावायची, तर ती कुंपणापाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टाकडे जायची, आणि गाडी तर नजरेमागून जाते. दोनदा गवतात शिरले. परतताना टेम्पोत बसल्यावर कुठे ते म्हणाले, “बाय, भूक लागली असेल ना?”

आता सांगा, मी रागावू कुणावर? गिरणी विकून खाणाऱ्यांवर? त्या मखमली दोरावर? त्यांच्यावर मी आजन्म रागावेन, तो माझा हक्कच आहे. पण जिथे गमवायचं काही नव्हतं तिथे एका गरीब रखवालदारापुढे मी वाघीण झाले, आणि जिथे चार परक्यांच्या नजरेत भरायचं होतं तिथे बापाला गल्लीतला मेकॅनिक करून टाकलं. जोड लपवायला त्यांना गिरणीने शिकवलं, पोटासाठी. मला कुणी शिकवलं? माझी लाज वाटते मला.

ऑइल बदललं की तार कापून नवी बांधावी लागते. काल चाळीखाली आबा ती पिळत बसले होते. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रॅक आहे. धीर करून विचारलं, “आबा, याल ना?” त्यांनी मान वर केली नाही. “येईन की. फक्त मेकॅनिक म्हणून येऊ का बाप म्हणून, ते आत्ताच सांग. शर्ट तसा काढतो.”

आवाजात राग असता तर किती बरं झालं असतं! “बाप म्हणून,” मी म्हटलं, पण माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

“आं? मोठ्याने बोल बाय, गिरणीत कान गेलेत माझे.”

कान गेलेला हा माणूस. पण त्या दिवशी एवढ्या इंजिनांच्या गर्जनेत माझं ते एक वाक्य त्यांना नेमकं ऐकू आलं होतं! मग मी ओरडून सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली इतक्या मोठ्याने. आबा गालात हसले आणि त्यांनी टोक आत वळवलं.

पण चाळीखाली ओरडायला काय लागतं? ते मला त्या रांगेत म्हणायचंय, तपासनीसासमोर, मागच्या हसणाऱ्याला ऐकू जाईल असं. तोवर ते टोक अंगठ्याला टोचत राहिलं, तर टोचू दे.