बेनीच्या नावाचा कायदा

आमच्या गल्लीत समोरचं दार कुणी ठोठावत नाही. ओळखीचा माणूस मागच्या दाराने येतो, बुटांवरचा बर्फ झटकतो आणि “कॉफी उरलीय का गं?” असं ओरडतच आत शिरतो. त्यामुळे त्या सकाळी समोरच्या दारावर टकटक झाली, तेव्हा रोझली हुडाकच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच थांबलं. मी तिचं भांडं परत द्यायला आले होते आणि नेहमीप्रमाणे बसून राहिले होते.

“फिलिस असणार,” ती म्हणाली. “पोलीस इतक्या हळू वाजवत नाहीत.”

फिलिसच होती. शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरातल्या बंदुका कुलपात ठेवायची सक्ती व्हावी, असा कायदा पेनसिल्व्हेनियात आणण्यासाठी गावोगाव हिंडते. गळ्यात कायम केशरी मफलर. हरणाच्या शिकारीला जाणारे आमच्याकडे केशरीच घालतात, एकमेकांची गोळी लागू नये म्हणून. फिलिसच्या लोकांनी तोच रंग उचललाय.

“रोझली, अगं, लागला एकदाचा नंबर!” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “गुरुवारी समितीपुढे सुनावणी. आणि नावही पक्कं झालं. बेनीचा कायदा!”

रोझलीने मान हलवली. गॅस मात्र बंद केला नाही.

दरवर्षी रोझली राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला जाते आणि आमदारांच्या समितीपुढे दोन मिनिटं बोलते. “माझा धाकटा बेनी, नऊ वर्षांचा, घरातल्याच बंदुकीने गेला.” दोन मिनिटं झाली की लाल दिवा लागतो, अध्यक्ष “आम्हाला फार वाईट वाटतं” म्हणतात आणि पुढचं नाव पुकारतात. बंदूक कुणाच्या हातात होती, ते ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, “दोन मिनिटांत तेवढं बसत नाही.”

गावाला सांगायची गरजच नाही. शिकारीचा हंगाम सुरू व्हायची आदली संध्याकाळ होती. रोझलीचा नवरा स्टॅन जीपमध्ये सामान भरत होता. बंदुकांच्या कपाटाची किल्ली इथल्या सगळ्या घरांत असते तशी कपाटाशेजारच्या खिळ्यावर. थोरल्या, चौदा वर्षांच्या क्लेटनने बाबांना मदत म्हणून बंदूक काढली. ती रिकामीच आहे, असं घरातला प्रत्येकजण धरून चालला होता. समोर बेनी उभा होता.

स्टॅन आता नाही. क्लेटन आहे, चौतिशीतला, टायरच्या दुकानात काम करतो. त्याला कुणी कधी काही बोललं नाही. तो खानावळीत शिरला की बोलणं जरासं थांबतं आणि मग सगळे हवापाण्यावर बोलू लागतात, एवढंच.

आमच्या राज्यात कायद्याला नाव मिळतं ते गेलेल्या लेकराचं. मागच्या शरद ऋतूत मोर्चाच्या गर्दीत फिलिसने विचारलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि बेनीचं नाव राहील एवढंच ऐकून रोझली हो म्हणून बसली होती.

तळघरातून पावलं वाजली. पाणी उपसायचा पंप दुरुस्त करायला सकाळपासून क्लेटन खाली होता. हात पुसत वर आला आणि मफलरकडे बघून म्हणाला, “काय बाई, हरणं मारायला निघालात?”

फिलिस जरा उशिरा हसली.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “तळघरात सगळं ऐकू येतं. चांगलंय. होऊ दे कायदा.”

“क्लेटन...”

“खरंच, आई. व्हायलाच हवा. फक्त तो झाला की बंदुकांच्या प्रत्येक दुकानात कायद्याच्या नावाची पाटी लागणार. आणि आमची जोसी हल्ली दिसेल ते मोठ्याने वाचते. दुधाचा डबासुद्धा सोडत नाही. बेनी कोण, असं विचारेल.” त्याने ओलं फडकं खुर्चीवर टाकलं. “मी शेजारच्या ओहायोत एका गॅरेजवाल्याशी नोकरीचं बोललोय. तिकडेही टायर फुटतात म्हणे.”

तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. त्याची सहा वर्षांची लेक जोसी रोज शाळेतून सुटली की आधी आजीच्या या स्वयंपाकघरात येते.

“मग नाव नको?” रोझलीने फिलिसला विचारलं.

फिलिस खुर्चीच्या कडेवर टेकली. ती वाईट बाई नाही. “बिननावाचा कायदा अध्यक्षांच्या खणात जातो गं. मागचे सगळे गेले. नाव असलं की त्यांना मत द्यावं लागतं, टीव्हीवर दिसतं ना. आणि यंदाही तो खणातच राहिला, तर पुढच्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी कुठल्यातरी घरात...”

“ते तू मला सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

तव्यावरचं धिरडं करपलं. रोझलीने ते उचलून सिंकमध्ये टाकलं आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. कपाट कधीच विकलं गेलंय. भिंतीला दोनदा रंग झालाय. खिळा मात्र तिथेच आहे, त्यावर आता चर्चचं कॅलेंडर असतं. तिने कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.

“स्टॅन दर हंगामाला किल्ली शोधत घर डोक्यावर घ्यायचा,” ती म्हणाली. “मला कंटाळा आला होता. हा खिळा मी ठोकला. किल्ली मी टांगली. पोरांच्या हाताला येईल इतक्या खाली, कारण माझी उंची तेवढीच.”

क्लेटन म्हणाला, “आई, पुरे.”

“तू गप्प बस रे.” ती फिलिसकडे वळली. “गुरुवारी मी येते. हे सगळं बोलते, लाल दिवा लागला तरी बोलते. पण बेनीचं नाव काढा. कायद्याला नाव लागतंच ना? मग माझं लावा.”