आधी आयसीयूचा फोन

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी टेलिफोन ऑपरेटर आहे. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात फोन आणि कॉम्प्युटर एकत्र जोडणारा नेटवर्कचा नवा स्विच बसवायला कंपनीची एक इंजिनिअर मुलगी एकदाच आली होती. केबल बांधायच्या पट्टीनेच तिने केस वर बांधले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन फरशीवर बसली.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"रांग लावतेय. नेटवर्कवर गर्दी झाली की आधी आयसीयूचा फोन जाणार, मग रिपोर्ट, बाकी सगळं मागून."

मला बरं वाटलं. आयसीयूतून डॉक्टरांचा आवाज तुटत यायचा. एकदा "कुठला बेड?" असं मला तीनदा विचारावं लागलं होतं.

तेवढ्यात आमचे डायरेक्टर आले. मीटिंगमध्ये त्यांचं चित्र अडकत होतं. "माझा लॅपटॉप सगळ्यात वर टाक," ते म्हणाले.

तिने वहीचं पान फाडलं आणि पेनासकट त्यांच्यापुढे धरलं. "टाकते ना, सर. फक्त एवढं लिहून द्या, की आयसीयूचा फोन तुमच्या मीटिंगच्या मागे ठेवायचा. खाली सही करा."

साहेबांनी पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुझ्या कंपनीत कळवतो."

"नंबर देऊ?"

साहेब निघून गेले. ती पुन्हा कामाला लागली.

इतकी वर्षं मी इथे "हो सर" म्हणत आले. गेल्या आठवड्यात देखभालीला दुसरा माणूस आला, तेव्हा साहेबांनी त्यालाही तेच सांगितलं. त्याने निमूट लॅपटॉप उघडला.

मी कानावरचा हेडफोन काढला आणि साहेबांपुढे कोरा कागद सरकवला. वर पेन ठेवलं.